झडप बदलल्यानंतरची रक्ताची गोळी: बहिणीसाठी विचारणाऱ्या भावाला

प्रश्न खानापूर तालुक्यातून, जांबोटीच्या पुढच्या एका गावातून आला आहे. थोडक्यात असा: बहीण ३१ वर्षांची. लहानपणी सांधे सुजून ताप यायचा. दोन वर्षांपूर्वी हृदयाची मायट्रल झडप (डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली) काढून धातूची बसवली. तेव्हापासून गुठळी होऊ नये म्हणून अ‍ॅसिट्रॉम ही गोळी २ मिलिग्रॅम रोज. जूनमध्ये आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) २.९ आला, जुलैत १.६, मग डोस ३ केला, ऑगस्टमध्ये ४.८. जुलैत पावसाने बस बंद होती, तेव्हा तीन दिवस गोळ्या संपल्या होत्या. ऑगस्टमध्ये जुलाब झाले, गावातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, श्रावणाचे उपासही चालू होते. आता दोन रात्री गोळी थांबवून पुन्हा २ वर आणलंय. घरात पालेभाजी पूर्ण बंद. दाढ काढायची आहे, दातांच्या डॉक्टरांनी ‘पाच दिवस गोळी बंद करून या’ म्हणून सांगितलंय. पाळीत रक्त जास्त जातं. घरचे मुलाची वाट बघतात. रक्त न तपासता घेता येणाऱ्या नव्या गोळ्या का देत नाहीत? आणि मार्गशीर्ष पौर्णिमेला यल्लम्माच्या यात्रेला सौंदत्तीला नेऊ का?

पहिलं उत्तर दाढेचं देते, कारण ते या आठवड्यातलं आहे. पाच दिवस गोळी बंद करू नका. एक दिवससुद्धा नको. पुढे सगळं सविस्तर लिहिते आहे, पण तुम्ही कामात असाल आणि एवढंच वाचून उठणार असाल, तर हे वाक्य घरी जाऊन बहिणीला सांगा.

मी बेळगावात गेली बावीस वर्षं हृदयाचे पेशंट बघते. झडप बदललेल्यांची माझ्याकडे एक वेगळी रांग असते. त्यात शेतकरी असतात, निपाणीकडच्या विडी वळणाऱ्या बायका असतात, गोकाक-चिकोडीकडचे ऊसतोड करणारे असतात, तुमच्या बहिणीच्या वयाच्या मुली तर खूप. या सगळ्यांच्या घरात मला एकच भीती दिसते, रक्तस्रावाची. नाकातून चार थेंब आले की घर हादरतं आणि गोळी बंद होते. रक्त डोळ्यांना दिसतं, म्हणून त्याची भीती वाटते. झडपेवर साचणारी गुठळी कुणालाच दिसत नाही, म्हणून तिची भीती वाटत नाही. मी माझ्या हाताखालून जे पेशंट गमावले, त्यात गोळीमुळे रक्तस्राव झालेले थोडे आहेत. गोळी कुणीतरी बंद केली आणि झडप अडकली, असे जास्त आहेत. आणि बंद करणारा माणूस जवळपास दर वेळी प्रेमापोटी, काळजीपोटी बंद करणारा होता.

तुमच्या बहिणीच्या तीन रिपोर्टांकडे आता नीट बघू. तुम्ही सगळं लिहिलंत म्हणून मला साखळी दिसते. जूनमध्ये २.९, म्हणजे २ मिलिग्रॅम तिला बरोबर बसत होती. जुलैत तीन दिवस गोळी नव्हती. अ‍ॅसिट्रॉम, म्हणजे असेनोकुमारॉल, शरीरातून लवकर उतरतं. वॉरफरीन या त्याच जातीच्या औषधाचं अंगातलं प्रमाण निम्मं व्हायला दीड दिवसाच्या वर लागतो, असेनोकुमारॉलचं आठ ते अकरा तासांत होतं. म्हणून तीन दिवसांत आयएनआर १.६ वर येणं साहजिक होतं. पण तपासणाऱ्या डॉक्टरांना गोळ्या चुकल्याचं कुणी सांगितलं का? बहुतेक नाही. त्यांनी कागदावरचा १.६ बघितला, डोस कमी पडतोय असं वाटलं आणि ३ मिलिग्रॅम केला. मुळात २ पुरत असलेल्या बाईला ३ मिळू लागली. त्यात ऑगस्टमध्ये जुलाब. गावात जुलाबाला जी गोळी सर्रास देतात ती मेट्रोनिडाझोल, आणि ती या औषधाचा असर चांगलाच वाढवते. जुलाबात अन्न अंगी लागत नाही, त्यावर उपास, त्यावर पालेभाजी बंद. चारही गोष्टी आयएनआर एकाच दिशेला ढकलणाऱ्या. ४.८ आला नसता तरच नवल.

म्हणजे गोळी चुकीची नाही आणि बहिणीचं रक्तही ‘विचित्र’ नाही. एक माहिती एका माणसापर्यंत पोचली नाही, एवढंच झालं. म्हणून माझ्या पेशंटना मी पहिल्या दिवसापासून सांगते: गोळी चुकली तर मी रागावणार नाही, पण चुकलेली लपवलीत तर मी चुकीचा डोस देईन. आता २ मिलिग्रॅमवर आणलंय ते बरोबर वाटतं. पाच-सहा दिवसांनी पुन्हा तपासा. आज घेतलेल्या गोळीचा पुरता परिणाम दिसायला दोन-तीन दिवस जातात, म्हणून रोज तपासून रोज डोस बदलणं हेही चूकच. डोस बदलताना मी आठवड्याची बेरीज धरते. रोज २ म्हणजे आठवड्याला १४. त्यात साधारण दहा टक्के फरक पुरतो, म्हणजे आठवड्यातले तीन दिवस अडीच किंवा दीड. एकदम २ वरून ३ म्हणजे पन्नास टक्के वाढ झाली.

आता ही गोळी करते काय, ते सांगते, कारण ‘रक्त पातळ’ या शब्दानेच निम्मा घोळ झालाय. रक्त पातळ होत नाही. पाणी घातलेल्या दुधासारखं होत नाही, अशक्तही होत नाही. तुमच्या आज्जी बीट आणि खजूर देत असतील तर देऊ द्या, पण त्याचा या गोळीशी संबंध नाही. आपलं यकृत रक्त गोठवणारे काही घटक बनवतं आणि त्यासाठी त्याला के जीवनसत्त्व लागतं. गोळी त्या के जीवनसत्त्वाच्या कामात अडथळा आणते. रक्त गोठायला वेळ लागतो, एवढंच. आयएनआर हा त्या वेळेचा आकडा. निरोगी माणसाचा साधारण १. तुमच्या बहिणीचा ३ च्या आसपास हवा, म्हणजे २.५ ते ३.५ मध्ये. दुसऱ्या एखाद्या पेशंटला २ ते ३ सांगितलेलं ऐकाल, तर गोंधळू नका. त्याची महाधमनीची झडप असेल. तिथून रक्त जोरात जातं. मायट्रल झडपेपाशी रक्त संथ वाहतं, आणि लहानपणच्या सांधे सुजवणाऱ्या तापाने, म्हणजे संधिवातिक तापाने, खराब झालेल्या हृदयात डावा वरचा कप्पा फुगलेला असतो, तिथं तर ते आणखी रेंगाळतं. संथ पाण्यात शेवाळ धरतं तसं तिथं गुठळी लवकर धरते. म्हणून आकडा जरा वरचा.

कुणीतरी तुम्हाला हे ‘उंदीर मारायचं औषध’ आहे असंही सांगेल. खोटं नाही, पण अर्धं आहे. १९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेत गुरांना एक साथ आली. ओलसर, बुरशी आलेला एका गवताचा चारा खाल्लेल्या गाई साध्या जखमेनेही रक्त जाऊन मरायच्या. १९३३ मध्ये विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी मेलेली गाय आणि डबाभर न गोठलेलं रक्त घेऊन विद्यापीठात गेला. कार्ल लिंक या शास्त्रज्ञाने पुढे त्या चाऱ्यातला पदार्थ शोधून काढला, त्यातून वॉरफरीन आलं. १९४८ पासून ते उंदरांवर वापरलं आणि १९५४ पासून माणसांवर. तेच औषध मापात दिलं की झडप चालू ठेवतं. आपण कडबा भिजला तर जनावराला घालत नाही, ते उगाच नाही.

पालेभाजी. हा विषय मला फार जवळचा आहे, कारण यात डॉक्टरांनीच लोकांचं नुकसान केलंय. डिस्चार्जच्या वेळी घाईत ‘हिरवी भाजी नको’ असं सांगून टाकतात. मेथी, पालक, शेपू, अंबाडी म्हणजे आपल्याकडची पुंडी, हरभऱ्याचा पाला, कोथिंबीर, यांत के जीवनसत्त्व भरपूर असतं हे खरं. पण भाजी पूर्ण बंद केली की शरीरातला साठाच तळाला जातो, आणि मग एखाद्या दिवशी लग्नाच्या पंगतीत किंवा भोगीला चार घास भाजी पोटात गेली तरी आयएनआर खाली धावतो. ज्यांच्या जेवणात के जीवनसत्त्व अगदी कमी, त्यांचेच आकडे जास्त हेलकावतात. म्हणून बहिणीला भाकरीबरोबर भाजी खाऊ द्या. दोन-तीन दिवसांआड एक वाटी खात असेल तर बाराही महिने साधारण तेवढीच. महिनाभर काही नाही आणि मग हिवाळ्यात स्वस्त झाली म्हणून आठवडाभर रोज मेथी, असं नको. भाजी पुन्हा सुरू कराल तेव्हा डॉक्टरांना सांगा आणि आठ दिवसांनी आयएनआर बघा, म्हणजे डोस जेवणाला जुळवता येईल. जेवणाला डोसाशी जुळवायचा प्रयत्न करू नका, तो टिकत नाही.

उपासाचंही तसंच. श्रावणी सोमवार केला म्हणून काही बिघडत नाही. पण पोट बिघडलेलं असताना उपास नको, आणि उपासाच्या दिवशी ‘रिकाम्या पोटी गोळी कशी घेऊ’ म्हणून गोळी सोडायची नाही. ही गोळी रिकाम्या पोटीही चालते. काढे, गुळवेल, अर्जुनाची साल, डेंग्यूत पपईच्या पानांचा रस, सांध्यांसाठी कुणी दिलेली पुडी, यांतलं काहीही सुरू करण्याआधी विचारायचं. मी आयुर्वेदाच्या विरोधात नाही. पण या गोळीबरोबर ते कसं वागेल हे पुडी देणारा सांगू शकत नाही, आणि पुडीत काय आहे हे बऱ्याचदा त्यालाही माहीत नसतं.

दुसऱ्या औषधांबद्दल मात्र मी कडक आहे. मेट्रोनिडाझोल, सेप्ट्रान, सिप्रोफ्लॉक्सासिन, बुरशीवरचं फ्लुकोनाझोल, हृदयाच्या ठोक्यांसाठीचं अमिओडॅरोन, ही आयएनआर वाढवतात. टीबीवरचं रिफाम्पिसिन आणि फिटवरच्या काही गोळ्या तो इतका खाली आणतात की डोस दुप्पटही करावा लागतो, आणि टीबीचं औषध संपलं की डोस पुन्हा उतरवायला विसरलं तर रक्तस्राव. अशी औषधं घ्यायचीच नाहीत असं नाही. लागली तर घ्यायची, पण सुरू केल्यावर तीन-चार दिवसांत आयएनआर आणि बंद केल्यावर पुन्हा एकदा. दुखण्यावर डायक्लोफेनॅक, असिक्लोफेनॅक, ब्रुफेन नको. ती पोटात जखम करतात आणि या गोळीवर असताना ती जखम वाहत राहते. ताप, अंगदुखीला पॅरासिटामॉल. तेही रोज तीन-चार गोळ्या आठवडाभर घ्यायची वेळ आली तर आयएनआर बघा.

आणि कमरेत सुई नको. आपल्याकडे सुई मारल्याशिवाय ताप उतरत नाही अशी समजूत आहे आणि गावातले डॉक्टर लोकांच्या आग्रहाला बळी पडतात. या गोळीवर असलेल्या माणसाला स्नायूत सुई दिली की आत रक्त साचून नारळाएवढी गाठ झालेली मी बघितली आहे. बहिणीला लहानपणी जो आजार झाला, तो घशाच्या जंतूंमुळे येणारा संधिवातिक ताप असणार. त्यासाठी दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन देतात, ते झडप बदलल्यावरही बहुतेकांना चालू ठेवावं लागतं. ते इंजेक्शन द्यायचं की त्याऐवजी रोजची गोळी, हे हृदयाच्या डॉक्टरांनी ठरवायचं. स्वतःहून तेही बंद करू नका.

आता दाढ. साधी एखाद-दुसरी दाढ काढायला गोळी बंद करावी लागत नाही. काढण्याआधी एक-दोन दिवसांत आयएनआर बघायचा. ३.५ च्या आत असेल तर दाढ काढता येते. जागेवर टाका घालायचा, बोळा घट्ट दाबून अर्धा तास बसायचं, रक्त थांबवणाऱ्या ट्रानेक्सॅमिक अ‍ॅसिडच्या पाण्याने हलक्या चुळा भरायच्या, पहिल्या दिवशी गरम काही खायचं नाही. थोडं रक्त झिरपेल, ते दाबून थांबतं. सकाळची वेळ घ्या, सोमवार-मंगळवारची, म्हणजे रात्री रक्त आलंच तर दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडा असतो. आणि दातांच्या डॉक्टरांना आणखी एक गोष्ट आठवण करून द्या: कृत्रिम झडप आहे, म्हणून दाढ काढण्याच्या अर्धा ते एक तास आधी अमॉक्सिसिलिन २ ग्रॅम एकदम घ्यावं लागतं, पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी नसेल तर. तोंडातले जंतू रक्तात जाऊन झडपेवर बसले तर तो आजार गुठळीइतकाच वाईट. दातांच्या डॉक्टरांना रक्ताची भीती वाटते हे मी समजू शकते. त्यांच्याशी वाद घालू नका. तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांची दोन ओळींची चिठ्ठी घेऊन जा किंवा दोघांचं फोनवर बोलणं करून द्या. माझ्याकडे असे फोन आठवड्यातून दोन-तीन येतात, आणि पाच मिनिटांत प्रश्न मिटतो. मोठं ऑपरेशन असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा काही दिवस गोळी थांबवून तिच्याऐवजी गुठळी रोखणाऱ्या हेपॅरिनची इंजेक्शनं द्यावी लागतात, पण त्याची तारीखवार आखणी डॉक्टर करतात.

‘बंद करा’ हे दोन शब्द मी स्वतः एकदा चुकीचे वापरले आहेत, ते इथे लिहिते. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत एका पेशंटचा आयएनआर ६ च्या जवळ आला. मी फोनवर म्हटलं, गोळी बंद करा आणि येऊन भेटा. पेरणीचे दिवस होते. तो बारा दिवसांनी आला, तोही दम लागला म्हणून, झडप अडकलेली. मी ‘कधी सुरू करा’ हे सांगितलंच नव्हतं. त्याने माझा शब्द तंतोतंत पाळला होता. तो वाचला, पण त्याचा उजवा हात पुन्हा पूर्वीसारखा झाला नाही. तेव्हापासून मी ‘बंद’ म्हणत नाही. ‘आज रात्री आणि उद्या रात्री नको, परवा शुक्रवारी रात्री दीड गोळी, शनिवारी सकाळी रक्त’, असं वाराच्या नावाने सांगते आणि समोरच्याकडून परत म्हणवून घेते. तुम्हीही डॉक्टरांना वार विचारा. आकडा वर गेला आणि कुठून रक्त येत नसेल तर बहुतेक वेळा एक-दोन गोळ्या टाळणं पुरतं. के जीवनसत्त्वाचं मोठं इंजेक्शन घाईने देऊ नये, नाहीतर पुढचे कित्येक दिवस गोळी लागूच होत नाही आणि झडप उघडी पडते.

गोळी रात्री ठरलेल्या वेळी घ्या. यात कारण आहे. सकाळी रक्त दिलं, दुपारी रिपोर्ट आला, तर त्याच रात्रीचा डोस बदलता येतो. रात्री विसरली आणि बारापर्यंत आठवली तर घ्यायची. दुसऱ्या दिवशी आठवली तर राहू द्यायची, दोन एकदम नाही, आणि वहीत लिहायचं. पावसाळ्यात तुमच्या बाजूला रस्ते बंद होतात हे काही नवीन नाही. कणकुंबी-जांबोटीकडच्या माझ्या पेशंटना मी मे महिन्यातच सांगते, जूनपासून घरात महिन्याच्या गोळ्या जास्तीच्या ठेवा. पाकिटावरचं नाव आणि मिलिग्रॅम घरी आल्यावर दिव्याखाली वाचा. दुकानातून २ ऐवजी ४ ची पाकिटं आलेली मी बघितली आहेत. अ‍ॅसिट्रॉम नाही म्हणून ‘तेच आहे’ म्हणत वॉरफरीन दिलं तर घेऊ नका. दोन्हींचे मिलिग्रॅम सारखे नसतात.

रक्त शक्यतो एकाच लॅबमध्ये द्या. या तपासणीची नळी निळ्या झाकणाची असते, आत थोडं औषध असतं, आणि ती खुणेपर्यंत भरावीच लागते. अर्धी भरली तर आकडा खोटाच वर दिसतो. बहिणीची शीर सापडत नसेल आणि नळी अर्धी राहिली तर तिथेच सांगा, दुसरी घ्या. घरात काहीच बदललेलं नाही आणि आकडा एकदम उडाला, तर मी डोस बदलण्याआधी रक्त पुन्हा तपासून घेते.

नव्या गोळ्यांबद्दल. रक्त न तपासता घ्यायच्या गोळ्या आहेत, पायातल्या गुठळीसाठी मी स्वतः रोज लिहून देते. पण धातूच्या झडपेला त्या चालत नाहीत. त्यातल्या डॅबिगॅट्रानची झडपेच्या पेशंटवर चाचणी केली, ती मधेच थांबवावी लागली. गुठळ्याही जास्त आणि रक्तस्रावही जास्त. ते निष्कर्ष २०१३ मध्ये आले. अपिक्साबॅन या दुसऱ्या नव्या गोळीची एका खास झडपेवर चाचणी २०२२ मध्ये थांबवली, तिथेही झडप बसलेल्यांना जुनं वॉरफरीनच बरं ठरलं. त्याच वर्षी संधिवातिक हृदयरोगात ठोके अनियमित असलेल्यांवर रिव्हारोक्साबॅन ही तिसरी नवी गोळी तपासली, त्यातही जुन्या गोळ्या सरस ठरल्या. तेव्हा मुंबई-पुण्याच्या कुणा नातेवाइकाने ‘आमच्या बाबांना ही गोळी आहे, टेस्टची कटकट नाही’ म्हटलं, तर त्यांच्या बाबांचा आजार वेगळा आहे एवढं समजा.

पाळीचं. आधी हिमोग्लोबिन बघा आणि पाळीच्या दिवसांतच एकदा आयएनआर करा. ४.८ च्या काळात जास्त गेलं असेल तर आकडा ताळ्यावर आला की कमी होईल. नाही झालं तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडून सोनोग्राफी. कधी गर्भाशयात गाठी असतात, आणि गोळीच्या माथ्यावर दोष जातो. पाळीच्या चार दिवसांत गोळी सोडायची नाही. आपल्याकडे बऱ्याच बायका तसं करतात आणि सांगतही नाहीत. तुम्ही भाऊ आहात, तुम्हाला ती सांगणार नाही. वहिनीला किंवा आईला विचारायला सांगा.

मुलाचा विषय नाजूक आहे आणि यावर घाईत कुणीही सल्ला देऊ नये. धातूची झडप असताना गरोदरपण धोक्याचं असतं, पण अशक्य नाही. माझ्याकडे अशा मुलींची बाळं आज शाळेत जातात. ही गोळी सहाव्या ते बाराव्या आठवड्यात बाळाच्या घडणीत दोष आणू शकते. तो धोका डोसाप्रमाणे बदलतो, असेनोकुमारॉल रोज २ मिलिग्रॅमपेक्षा कमी पुरत असेल तर बराच कमी असतो. म्हणून काहींना त्या काळात गोळी बदलून दिवसातून दोनदा हेपॅरिनची इंजेक्शनं देतात, तीही रक्त तपासून माप बदलत. पुढे पुन्हा गोळी, आणि छत्तिसाव्या आठवड्याच्या सुमाराला पुन्हा हेपॅरिन, म्हणजे बाळंतपणाच्या वेळी बाळाच्या रक्तात गोळी नसते. हे सगळं हृदयाचे डॉक्टर आणि प्रसूतीचे डॉक्टर एकाच छताखाली असतील तिथेच करायचं. बेळगाव, मिरज, कोल्हापूर, जिथे जमेल तिथे, पण बाळाची तयारी करण्याच्या आधी. गरोदर राहिल्यावर नाही. सगळ्यात घातक गोष्ट अशी होते: पाळी चुकते, ‘ही गोळी बाळाला वाईट’ एवढं कुठेतरी ऐकलेलं असतं, आणि मुलगी कुणाला न सांगता गोळी सोडते. तुमच्या बहिणीला हे आजच समजावून सांगा की पाळी चार दिवस लांबली तर घरी लघवीची तपासणी करायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा, गोळी मात्र चालू. तिच्या सासूबाईंनाही हे माझ्यासारख्या कुणाच्या तरी तोंडून ऐकवा. घरातला दबाव कमी झाला की मुली खरं बोलतात. तयारी होईपर्यंत गर्भनिरोध हवा, पण इस्ट्रोजेन असलेल्या नेहमीच्या गोळ्या नकोत, त्या गुठळी वाढवतात. तांबीने पाळीचं रक्त वाढतं. बाकीचे पर्याय आहेत, विचारा. बाळ झाल्यावर ही गोळी घेत अंगावर पाजता येतं.

धोक्याची लक्षणं घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवीत. डांबरासारखी काळी शौच (लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण ती चिकट, दुर्गंधी नसते), लाल लघवी, दहा मिनिटं दाबूनही न थांबणारं नाकाचं रक्त, एकाएकी भयंकर डोकेदुखी. डोक्याला मार लागला तर जखम दिसो वा न दिसो, थेट सीटी स्कॅनची सोय असलेलं हॉस्पिटल. मोटारसायकलवर मागे बसतानाही हेल्मेट. उसाच्या फडात किंवा शेतात साप चावला तर डॉक्टरांना आधी या गोळीचं सांगा, कारण फुरसं-घोणसाचं विष आणि ही गोळी दोन्ही रक्त गोठू देत नाहीत आणि तपासणीत गोंधळ होतो. दुसऱ्या बाजूची लक्षणं: तोंड वाकडं होणं, हातातली शक्ती जाणं, बोबडं बोलणं, अचानक दम लागणं. आणि एक खास खूण. तुमच्या गावात रात्र शांत असते. बहिणीच्या झडपेची टिकटिक जवळ बसणाऱ्याला ऐकू येत असेल. तिचा रोजचा आवाज ओळखून ठेवा. तो दबका झाला, किंवा ऐकू येईना, आणि दम लागतोय, तर सकाळ होण्याची वाट बघायची नाही. १०८ बोलवा. इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, झडप अडकलेली दिसली तर गुठळी विरघळवायचं औषध देता येतं किंवा तातडीचं ऑपरेशन, पण दोन्हींना वेळ लागतो, आणि तो वेळ घरून निघतानाच मोजायला लागतो.

यासाठी एक वही करा. साधी, दोनशे पानी. पहिल्या पानावर झडपेचं नाव आणि जागा, ऑपरेशनची तारीख, औषध, मिलिग्रॅम, ‘आयएनआर २.५ ते ३.५’, आणि फोन नंबर. हे पान मराठीत, कन्नडात आणि इंग्रजीत, तिन्हीत लिहून घ्या. आपल्या भागात ऑपरेशन एका ठिकाणी होतं, तपासणी दुसऱ्या ठिकाणी, आणि रात्री अपरात्री जो डॉक्टर भेटतो त्याला मराठी येईलच असं नाही. बहिणीला कन्नड जमत नसेल, आणि त्या क्षणी तिला बोलताही येणार नसेल. आतल्या पानांवर तारीख, आयएनआर, आठवड्याचा डोस, आणि त्या महिन्यात काय वेगळं घडलं: गोळी चुकली, ताप आला, कुठली गोळी घेतली, उपास केले. जुलै महिन्याच्या रकान्यात ‘तीन दिवस गोळी नव्हती’ हे चार शब्द असते तर ऑगस्ट आलाच नसता. आकडा स्थिर झाला की चार आठवड्यांतून एकदा तपासणी पुरते. दिवस बाजारहाटाला जोडून घ्या, म्हणजे खेप वाया जात नाही.

सौंदत्तीला न्या. निघण्याच्या आठवडाभर आधी आयएनआर करून घ्या. गर्दीत ढकलाढकली होते, म्हणून पौर्णिमेच्या दिवसाऐवजी एक-दोन दिवस पुढेमागे गेलात तर बरं. गोळ्या मुक्कामाच्या दिवसांपेक्षा चार जास्त घ्या, अर्ध्या तिच्या पिशवीत आणि अर्ध्या तुमच्या खिशात, कारण यात्रेत पिशव्या हरवतात. वही तिच्याजवळच असू दे. आणि रात्रीच्या जागराच्या गडबडीत नऊ वाजता तुमच्या मोबाइलवर गजर लावा.